मायकेल लाउड्रपचें दान

खेळाडूच्या कारकीर्दीचें परीक्षण करावयास बसलें म्हणजे पहिला मोह होतो तो जमाखर्चाचा. किती सामने, किती गोल, किती चषक असा ताळेबंद एकदां मांडला कीं परीक्षकाचें काम संपलें, अशी समजूत वर्तमानपत्रांच्या क्रीडाविषयक रकान्यांनीं आपल्याकडे चांगलीच रूढ केली आहे. डेन्मार्कचा विख्यात फुटबॉलपटु मायकेल लाउड्रप याच्यासंबंधानें लिहितांना हा ताळेबंद आम्ही आरंभींच वाचकांपुढें ठेवून देतों, म्हणजे पुढें त्याची अडचण नको. राष्ट्रीय संघातर्फें १०४ सामने व ३७ गोल. युव्हेंटसबरोबर १९८६ सालीं इटलीचें अजिंक्यपद. १९९१ पासून १९९५ पर्यंत ओळीनें पांच वर्षें स्पेनचें अजिंक्यपद, त्यांपैकीं चार बार्सिलोनाकडून व पांचवें तिच्या हाडवैरी रेआल माद्रिदकडून. १९९२ सालीं यूरोपांतील क्लबांचा सर्वश्रेष्ठ चषक. आणि अखेरीस १९९८ सालीं आयाक्सबरोबर हॉलंडचें अजिंक्यपद व तेथील चषक. २००६ सालीं डॅनिश फुटबॉल संघटनेनें आपल्या देशाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्याचा गौरव केला.

हा जमाखर्च पैनपै खरा आहे. परंतु ज्यानें लाउड्रपला खेळतांना पाहिलें नाहीं त्याला तो वाचून हा माणूस काय चीज होती याची कल्पना बिलकुल यावयाची नाहीं. उलट त्यांत दोन रकाने कोरे आहेत, आणि लाउड्रपवर जे आक्षेप घेतले जातात ते बहुतेक त्या कोऱ्या रकान्यांवरूनच. १९९२ सालीं डेन्मार्कनें यूरोपचें अजिंक्यपद मिळविलें तेव्हां हा देशाचा श्रेष्ठ खेळाडू संघांत नव्हता. आणि यूरोपांतील वर्षाचा उत्तम खेळाडू म्हणून त्या काळीं जो सोन्याचा चेंडू दिला जात असे तो त्याच्या हातीं कधींच पडला नाहीं.

काव्यनाटकांच्या परीक्षणांशेजारीं एका चेंडू खेळणाराचें परीक्षण पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, ज्या कृतींत रचना आहे, अनपेक्षितपणा आहे, आणि जी पाहून जाणत्याच्या तोंडून नकळत वाहवा निघते, तिचें परीक्षण साहित्याच्या कसोट्या लावून करण्यास कोणाचीहि हरकत नसावी. गवयाच्या बैठकीविषयीं आपण लिहितोंच. तीहि सकाळ होतांच हवेंत विरून गेलेली असते.

लाउड्रपचा जन्म १५ जून १९६४ रोजीं कोपनहेगनच्या पोटांत वसलेल्या फ्रेडरिक्सबर्ग गांवीं झाला. वडील फिन लाउड्रप हे स्वतः डेन्मार्ककडून खेळलेले. धाकटा भाऊ ब्रायन हाहि पुढें चांगलाच नांवाजला. देश लहान, वस्ती उणीपुरी पन्नास लाख, आणि पैसे घेऊन फुटबॉल खेळण्याची मोकळीक तेथें १९७८ सालापर्यंत नव्हतीच. अठराव्या वाढदिवशींच मायकेल नॉर्वेविरुद्ध राष्ट्रीय संघांतून प्रथम खेळला व त्याच सामन्यांत त्यानें गोल केला. पुढल्याच वर्षीं युव्हेंटसनें त्याला विकत घेतलें. येथवरची हकीकत कोणाहि होतकरू खेळाडूची असूं शकेल. तेव्हां त्याच्या कसबाकडे वळूं.

हें कसब दोन प्रकारचें होतें. पहिलें चेंडू घेऊन जाण्याचें. एका पायाच्या आंतल्या बाजूनें चेंडू दुसऱ्या पायाकडे सरकवावयाचा व त्याच ठेक्यांत दुसऱ्यानें तो पुढें काढावयाचा. दोन प्रतिस्पर्ध्यांमधील वीतभर फटींतून खेळाडू व चेंडू दोघेहि पार. स्पॅनिश लोक या युक्तीस ‘क्रोकेता’ म्हणतात. पुढें बार्सिलोनाच्याच आंद्रेस इनिएस्तानें ती इतकी वापरली कीं नव्या पिढीस ती त्याचीच वाटते. लाउड्रपच्या अंगीं धांवण्याचा वेग होता, पण त्याच्या खेळांत घाई दिसत नसे. अंग ताठ, मान वर, आणि पायाखालीं काय चाललें आहे त्याची जणूं त्याला वार्ताच नाहीं असा चेहरा.

दुसरें कसब चेंडू देण्याचें, आणि याच्यामुळेंच त्याचें नांव राहिलें आहे. चेंडू पायाशीं असतां तो मान वळवून डावीकडे पाही. बचाव करणारे त्याच्या नजरेवर विश्वासून डावीकडे सरकत. आणि चेंडू उजवीकडे, त्यांनीं नुकत्याच मोकळ्या केलेल्या वाटेनें निघून जाई. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ असा जो भेद केला आहे त्याचें इतकें ठसठशीत उदाहरण आम्हांस दुसऱ्या कोणत्याहि खेळांत आढळलें नाहीं. डोळे सांगतात तो वाच्यार्थ. चेंडू जातो तो व्यंग्यार्थ. कुंतकानें वक्रोक्ति हा काव्याचा प्राण मानला. हा डॅनिश गृहस्थ कुंतकाचें नांवहि न ऐकतां पायांनीं वक्रोक्ति बोलत होता. आणि यांत लबाडी होती असें म्हणतां येत नाहीं, कारण ती नजर व्यर्थ नसे. त्या नजरेनेंच वाट तयार होई. सरळ पाहून तोच पास दिला असता तर तो कोणाच्या तरी पायांत अडकला असता. दान असें द्यावें कीं या हाताचें त्या हातास कळूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. लाउड्रपचें दान त्याच्या डोळ्यांनासुद्धां कळत नसे.

मात्र अशा कलेची एक मोठी पंचाईत आहे. ती पुरी होण्यास दुसरा लागतो. पास ही अर्धीच कृति. तो कोणी जाणून, योग्य क्षणीं धांव घेऊन स्वीकारला तरच ती पूर्ण. न घेतला गेलेला उत्कृष्ट पास आणि चुकून दिलेला वाईट पास यांत प्रेक्षकाला कांहींच फरक दिसत नाहीं. दोन्ही वेळीं चेंडू रिकाम्या जागेंत घरंगळत जातो व शिट्ट्या देणाऱ्याच्याच वांट्याला येतात. काव्याला सहृदय लागतो म्हणतात, पण कवीला तो शंभर वर्षांनीं मिळाला तरी चालतो. लाउड्रपला सहृदय पाहिजे तो त्याच पळांत, त्याच गवतावर, आणि स्वतःच्याच रंगाचा सदरा घातलेला. आमच्या मतें त्याच्या कारकीर्दीचे सारे चढउतार या एका गोष्टीवरून उलगडतात.

इटलींतील दिवस पाहा. त्या वेळीं तेथील क्लबास दोनच परदेशी खेळाडू ठेवतां येत, व युव्हेंटसच्या त्या दोन जागा प्लातिनी आणि बोनिएक यांनीं अडविलेल्या. म्हणून विकत घेतलेल्या या मुलाला त्यांनीं दोन वर्षें लाझिओ क्लबाकडे उसना दिला. लाझिओचा संघ दुबळा. १९८५ सालीं तो खालच्या श्रेणींत घसरलाच. घरंगळत गेलेल्या चेंडूंची आणि शिट्ट्यांची ओळख लाउड्रपला विशीच्या आंतबाहेर झाली ती येथें. पुढें बोनिएक गेल्यावर तो युव्हेंटसमध्यें आला, आणि प्लातिनीच्या संगतींत पहिलें वर्ष सोन्यासारखें गेलें. डिसेंबर १९८५ मध्यें टोकियो येथें आर्जेन्टिनोस ज्युनियर्स या संघाशीं झालेल्या जागतिक सामन्यांत युव्हेंटस हरत आलेला असतां, गोलरक्षकाला वळसा घालून जवळजवळ रेषेवरून, जेथून गोलाचें तोंडहि नीट दिसूं नये अशा कोनांतून, त्यानें बरोबरीचा गोल केला व सामना पेनल्टींवर जिंकला गेला. परंतु १९८७ सालीं प्लातिनी निवृत्त झाला आणि त्याच्यामागें संघाची सारी घडीच विस्कटली. त्यानंतर लाउड्रप तेथें असेपर्यंत युव्हेंटसला एकहि चषक मिळाला नाहीं. साथीदार गेल्यावर गवयाचा आवाज बसला, असें लोक म्हणाले. साथ नाहीं म्हणून गाणें ऐकूं येत नाहीं, असें कोणी म्हणालें नाहीं.

याच काळांत मायदेशच्या संघांत मात्र त्याला हवी तशी मंडळी भेटली होती. जर्मन प्रशिक्षक सेप पिओंटेक याच्या हाताखालचा १९८४ ते १९८६ चा डॅनिश संघ हा पाहणाराला वेड लावणारा संघ होता. १९८६ च्या मेक्सिकोंतील विश्वचषकांत त्यांनीं स्कॉटलंडला १–०, उरुग्वेला ६–१ व पश्चिम जर्मनीला २–० असें ओळीनें हरविलें. उरुग्वेविरुद्ध एल्केयरनें तीन गोल केले; पण त्या सामन्यांतील लोकांच्या ध्यानीं राहिला तो लाउड्रपचा एकच. खुद्द गोलरक्षकालाहि चुकवून रिकाम्या जाळ्यांत चेंडू सोडीपर्यंत तो जणूं अंगणांत फेरफटका मारीत होता. प्रतिपक्षाचा एक गडी आधींच बाहेर घालविलेला होता हें खरें, पण तो गोल अकरा जणांविरुद्धहि झालाच असता असें आम्हांस वाटतें. पुढच्याच फेरींत स्पेननें या संघाचा ५–१ असा धुव्वा उडविला. त्या पडझडीची सुरुवात झाली ती येस्पर ओल्सेननें आपल्याच गोलाकडे दिलेल्या एका मागल्या पासांतून. हा मागला पास वाचकांनीं लक्षांत ठेवावा. सहा वर्षांनीं तो पुन्हां येणार आहे.

लाउड्रपला खरें घर मिळालें तें १९८९ सालीं, बार्सिलोनांत. योहान क्रायफ तेथें प्रशिक्षक होता, आणि चेंडू आपल्याकडे असला म्हणजे प्रतिपक्ष गोल करूं शकत नाहीं या साध्या तत्त्वावर त्यानें संघाची नवी मांडणी चालविली होती. त्या मांडणींत लाउड्रप कधीं सर्वांत पुढें असे, पण ठराविक आघाडीच्या खेळाडूप्रमाणें तेथें उभा राहत नसे. तो मागें सरके, बचाव करणारे गोंधळून त्याच्यामागें येत, आणि त्यांनीं सोडलेल्या जागेंत स्टॉइचकॉव्ह वा बाकेरो घुसे. ज्याची जागा ठरलेली नाहीं त्याच्यावर पहारा कोठें ठेवावा, हा प्रश्न स्पेनच्या प्रशिक्षकांना चार वर्षें सुटला नाहीं. १९९२ च्या मे महिन्यांत वेम्ब्लीवर सांप्डोरियाचा १–० असा पराभव करून बार्सिलोनानें यूरोपचा चषक प्रथमच घरीं आणला, तेव्हां लाउड्रप संघांत होता. १९९३ सालीं ब्राझिलचा रोमारिओ आला आणि या दात्याला त्याच्या आयुष्यांतील बहुधा सर्वांत हुशार घेणारा भेटला. ओसासुनाविरुद्धच्या एका सामन्यांत पुढें बचाव करणारांची भिंत उभी असतां लाउड्रपनें चेंडू बुटाच्या टोकावर उचलून त्यांच्या डोक्यांवरून अलगद पलीकडे टाकला. पलीकडे रोमारिओ असावयाचाच, तसा तो होता. त्या एका गोलाचें चित्रण आजहि लोक शोधून शोधून पाहतात, आणि लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही कीं तें पाहतात ते गोल करणारासाठीं नव्हे.

आतां त्या प्रसिद्ध आक्षेपाकडे येऊं. लाउड्रपच्या अंगीं भूक नव्हती, असें म्हणतात. आणि म्हणणारे सामान्य लोक नाहींत. प्लातिनीचें मत असें कीं सरावांत याच्यासारखा जगांत कोणी नाहीं, पण सामन्यांत तें सारें बाहेर येत नाहीं. क्रायफचाहि रोख असाच कीं हा मुलगा गरिबींत, गल्लीबोळांत वाढता तर त्याला तोड राहिली नसती. दोघांच्याहि अधिकाराविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. तरीहि या मतांत एक गफलत आहे असें आम्हांस नम्रपणें सुचवावेंसें वाटतें. दोघेहि स्वतः गोल करणारे, संघाला आपल्याभोंवतीं फिरविणारे खेळाडू. त्यांनीं लाउड्रपला आपल्या मापानें मोजलें. ज्याला गोलापेक्षां गोलाची वाट काढण्यांत अधिक आनंद आहे त्याला तुझी भूक कमी असें म्हणणें, म्हणजे वाढणाराला तूं जेवत कां नाहींस असें विचारण्यासारखें आहे. स्वार्थाचा एक अंश त्याच्यांत असता तर गोल वाढले असते हें उघड आहे. पण मग तो पासहि तसा राहिला नसता, कारण स्वतः मारण्याची इच्छा डोळ्यांत उतरली कीं ते डोळे खोटें बोलूं शकत नाहींत.

लाउड्रपविरुद्ध आमची तक्रार निराळी आहे, आणि ती १९९० सालची आहे. पिओंटेकनंतर रिचर्ड मोलर नील्सन हा प्रशिक्षक झाला. त्याची पद्धत सावध. आधीं आपलें घर राखावें, मग दुसऱ्याच्या घराकडे पाहावें. नोव्हेंबर १९९० मध्यें कोपनहेगन येथें युगोस्लाव्हियाकडून ०–२ अशी हार झाल्यावर या पद्धतीला कंटाळून दोघां लाउड्रप बंधूंनीं राष्ट्रीय संघ सोडला. त्या गटांत युगोस्लाव्हिया पहिला आला व डेन्मार्क बाहेर राहिला. पुढें युद्धामुळें व संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळें १९९२ च्या स्पर्धेंतून युगोस्लाव्हियाला ऐन वेळीं वगळण्यांत आलें, आणि स्वीडनमध्यें खेळावयास डेन्मार्कला बोलावणें गेलें. ब्रायन तोंवर परतला होता, मायकेल नाहीं. या बिनतयारीच्या संघानें फ्रान्सला, पेनल्टींवर हॉलंडला आणि २६ जून रोजीं गोथेनबर्ग येथील अंतिम सामन्यांत जर्मनीला २–० असें हरवून सारें यूरोप थक्क करून सोडलें.

या विजयाची रीत मोठी बोलकी होती. आघाडी मिळाली कीं डॅनिश खेळाडू चेंडू मागें गोलरक्षक श्मायकेलकडे देत, तो हातांनीं उचलून घेई, सोडी, पुन्हां मागें येई, आणि घड्याळ पुढें जाई. मेक्सिकोंत ज्या मागल्या पासानें डेन्मार्कचा घात केला त्याच मागल्या पासानें स्वीडनमध्यें त्याला तारलें. त्याच वर्षीं साथीदारानें पायानें मुद्दाम मागें दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत घेऊं नये असा नियम झाला. मोलर नील्सनला आम्ही कमी लेखीत नाहीं. हातांत जे पत्ते आले त्यांनीं त्यानें डाव जिंकला, आणि एका लहान देशाला असा आनंद दिला कीं तो तेथील लोक अजून विसरलेले नाहींत. पण ज्या संघाचा बचाव मागल्या पासावर उभा होता त्यांत पुढच्या पासाचा हा कारागीर काय करता, हा प्रश्न पडतोच.

म्हणून लाउड्रपच्या पक्षाचे लोक म्हणतात कीं तो गेला हें योग्यच झालें. आणि विरुद्ध पक्षाचे म्हणतात कीं नियतीनें त्याला चांगला धडा शिकविला. दोन्ही मतें आम्हांस मान्य नाहींत. युगोस्लाव्हियांत युद्ध पेटेल व डेन्मार्कला आयत्या वेळीं पाचारण होईल हें १९९० सालीं कोणा ज्योतिष्यालाहि सांगतां आलें नसतें; तेव्हां पदक हुकलें म्हणून त्याला मूर्ख ठरविणें हा अन्याय आहे. पदक मिळालें असतें तरी आमची तक्रार राहिलीच असती. ती अशी कीं, ज्याची कला दुसऱ्याच्या स्वीकारावांचून पुरी होत नाहीं त्याला एकट्या कलावंताचा मानीपणा परवडत नाहीं. चित्रकार रागावून दार लावून घेऊं शकतो. चित्र आंत तयार होत राहतें. सव्वीस वर्षांच्या पायांनीं न दिलेला पास चाळिसाव्या वर्षीं देतां येत नाहीं, आणि दार लावून तर मुळींच देतां येत नाहीं. ऐन भरांतले जवळजवळ तीन मोसम डॅनिश लोकांनीं आपला सर्वोत्तम खेळाडू परक्यांच्या सदऱ्यांत पाहिला. मोलर नील्सनच्या पद्धतींत त्याला जागा थोडी होती हें कबूल; पण थोड्या जागेंतून वाट काढणें हेंच तर त्याचें कसब होतें! ब्रायननें मन वळविलें, तडजोड केली, आणि त्या तडजोडींतहि तो सुंदर खेळला. थोरल्याला तें करवलें नाहीं. ऑगस्ट १९९३ मध्यें तो परत आला खरा, पण त्याच नोव्हेंबरांत सेव्हिल येथें स्पेनकडून ०–१ असा पराभव होऊन १९९४ च्या विश्वचषकाचें दार डेन्मार्कला बंद झालें.

बार्सिलोनांतहि शेवट कडूच झाला. स्पेनमध्यें एका सामन्यांत तीनच परदेशी खेळाडू उतरवितां येत, आणि रोमारिओ आल्यावर बार्सिलोनाकडे चार झाले. दर आठवड्यास एकजण बाहेर बसे. मे १९९४ मध्यें आथेन्स येथें मिलानविरुद्ध यूरोपच्या चषकाचा अंतिम सामना झाला तेव्हां ही पाळी लाउड्रपवर आली. मिलान ४–० नें जिंकला. प्रतिपक्षाचा प्रशिक्षक कापेल्लो पुढें म्हणाला कीं आपल्याला धास्ती होती ती त्याचीच, व तो नाहीं हें पाहून आपला जीव खालीं पडला. करार संपला होता. लाउड्रप सरळ माद्रिदला गेला. बार्सिलोनाच्या प्रेक्षकांनीं त्याला पुढें शिट्ट्यांनीं भंडावून सोडलें, कृतघ्न म्हटलें. आम्हांस यांत कृतघ्नता दिसत नाहीं. त्यानें कोणताहि शब्द मोडला नव्हता, आणि बाहेर बसविलेल्या दात्यानें दुसरें दार पाहिलें तर त्याला दोष कसा द्यावा? मात्र त्याच्या बाजूनें नियतीनें येथें एक गंमत केली. जानेवारी १९९४ मध्यें बार्सिलोनानें माद्रिदला ५–० असें हरविलें. जानेवारी १९९५ मध्यें माद्रिदनें बार्सिलोनाला ५–० असेंच हरविलें. आणि दोन्ही खेपेस लाउड्रप जिंकणाराकडे होता. पहिल्या वेळीं तीन गोल रोमारिओचे, दुसऱ्या वेळीं तीन चिलीच्या सामोरानोचे. सामोरानो हा डोक्यानें गोल करणारा, धिप्पाड उड्या घेणारा गडी. त्याच्यांत रोमारिओची नजाकत नव्हती. पण पास कोठें येईल हें त्याला कळे, आणि त्या मोसमांत २८ गोल करून तो स्पेनमध्यें पहिला आला.

यानंतरचें थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. १९९६ सालीं तो जपानांतील कोबे येथें गेला, तेथून आयाक्सकडे. पुढें प्रशिक्षक होऊन त्यानें २००५ सालीं ब्रॉन्बीला डेन्मार्कचें अजिंक्यपद व २०१३ सालीं वेल्समधील स्वान्झीला इंग्लिश लीग कप मिळवून दिला; ती कामगिरी चांगली आहे, परंतु त्याच तोलाचे प्रशिक्षक दुसरेहि आहेत.

१९९८ च्या फ्रान्समधील विश्वचषकांत मात्र तो पुन्हां एकदां आपल्या देशाच्या सदऱ्यांत, संघाचा नायक म्हणून दिसला. पाय जड झाले होते, धांव आंखडली होती. उरलें होतें तें निव्वळ कसब. नायजेरियाविरुद्ध एबे सांड नांवाचा खेळाडू बदली म्हणून नुकताच, अगदीं नुकताच आंत आला होता. लाउड्रपनें भलतीकडे पाहत चेंडू वरून अलगद पुढें टाकला. सांडनें तो डोक्यानें एका बचाव करणाराच्या पलीकडे काढून घेतला आणि गोल केला. सामना ४–१ असा डेन्मार्कनें जिंकला. पांच दिवसांनीं, ३ जुलै रोजीं नांत येथें, ब्राझिलशीं गांठ पडली. ब्रायननें गोल करून २–२ अशी बरोबरी केली, पण दहा मिनिटांनीं रिव्हाल्दोनें आणखी एक चढविला व डेन्मार्क २–३ असा हरला. दोघां भावांचा तो राष्ट्रीय संघांतील अखेरचा सामना. थोरल्याचें वय त्या दिवशीं चौतीस वर्षें अठरा दिवस होतें, आणि त्यानंतर त्यानें खेळणेंच सोडलें.